हसवलं खूप, हसं मात्र होऊ दिलं नाही!

नायकाचा मित्र, घरचा नोकर, गुजराती शेठ, नाहीतर नायकाचा वैतागलेला बाप... देवेन वर्मा यांच्या वाट्याला आल्या त्या अशाच भूमिका. पोस्टरवर त्यांचा चेहरा क्वचितच मोठा छापला गेला. पण दुय्यम भूमिका म्हणजे दुय्यम काम नव्हे, हे या पुणेकर विनोदी नटानं चाळीस वर्षं पडद्यावर दाखवून दिलं.

टीव्हीवर 'अंगूर' लागला की घरातली कामं थांबतात. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहून जातात. परीक्षा तोंडावर आलेला मुलगाही 'पाचच मिनिटं' म्हणत दाराशी उभा राहतो. चित्रपट आहे १९८२चा. त्यात हाणामारी नाही, परदेशातलं चित्रीकरण नाही, नाव घेण्यासारखा खलनायकही नाही. आहेत ती फक्त माणसं, आणि त्यांचा न संपणारा गोंधळ! या गोंधळाच्या मधोमध खांद्यावर टॉवेल टाकल्यासारखा सहज वावरणारा एक माणूस आहे. त्याचं नाव बहादूर. खरं तर एक नव्हे, दोन बहादूर.

बहादूरला कोण विसरेल? पण हीच भूमिका करणाऱ्या नटाचं नाव विचारलं, तर नव्या पिढीतली मुलं जरा थबकतात. 'तो हो, सगळ्या सिनेमांत असायचा तो...' चरित्र नटाच्या वाट्याला येणारी प्रसिद्धी ही अशी असते. चेहरा घराघरात पोचतो, नाव मात्र उंबऱ्याबाहेर राहतं. देवेन वर्मा यांची सगळी कारकीर्द या उंबऱ्यावरच घडली. गंमत म्हणजे, त्याची खंत त्यांच्या कामात कधी डोकावली नाही.

पुण्याचा पदवीधर

देवेन वर्मा यांचा जन्म २३ ऑक्टोबर १९३७चा. वडील राजस्थानी, आई कच्छी, आणि वाढले मात्र पुण्यात. त्यामुळे हिंदी, गुजराती, मराठी अशा भाषा लहानपणापासूनच कानावर. पुण्याच्या नवरोसजी वाडिया कॉलेजात राज्यशास्त्र आणि समाजशास्त्र हे विषय घेऊन त्यांनी पदवी मिळवली. अशा पदवीधर मुलानं त्या काळात वकिली करावी, नाहीतर सरकारी नोकरी धरावी, अशीच कुणाचीही अपेक्षा असणार. पण या मुलाचा ओढा रंगमंचाकडे होता. नकलांचे कार्यक्रम करता करता बी. आर. चोप्रा यांच्या नजरेत तो भरला आणि १९६१ साली 'धर्मपुत्र'मधून पडद्यावर आला.

दिग्दर्शक होते बी. आर. यांचे धाकटे बंधू यश चोप्रा. फाळणीच्या काळातल्या धर्मद्वेषावरचा तो गंभीर चित्रपट. पुढे विनोदासाठी ओळखल्या जाणाऱ्या नटाची सुरुवात अशा चित्रपटातून व्हावी, हाही योगायोगच! यश चोप्रांशी जुळलेला हा धागा मात्र शेवटपर्यंत टिकला. 'कभी कभी', 'सिलसिला' आणि थेट १९९७चा 'दिल तो पागल है'. पहिल्या चित्रपटानंतर छत्तीस वर्षांनीही तोच दिग्दर्शक त्याच नटाला बोलावतो, तेव्हा त्यात निव्वळ मैत्रीचा भाग नसतो. दिलेलं काम हा माणूस चोख करेल, याची ती खात्री असते.

विनोदाचा 'वेगळा डबा'

देवेन वर्मा आले तेव्हा हिंदी चित्रपटात विनोदी नटांची चलती होती. बसकंडक्टरची नोकरी सोडून आलेल्या बद्रुद्दीन काझींचा 'जॉनी वॉकर' झाला होता आणि त्यांच्यावर चित्रित झालेली गाणी गल्लोगल्ली वाजत होती. मेहमूद तर एवढे मोठे होत गेले, की वितरक चित्रपट घेताना आधी मेहमूद आहे का, हे विचारत. मेहमूद, शुभा खोटे आणि धुमाळ या त्रिकुटानं 'ससुराल'पासून 'लव्ह इन टोकियो'पर्यंत प्रेक्षकांना खुर्चीत लोळवलं. त्यातले शुभाताई आणि धुमाळ ही तर आपल्याच मराठी मातीतली माणसं. 'जब प्यार किसीसे होता है'मधल्या राजेंद्रनाथ यांच्या पोपटलालचाही तोच काळ.

या विनोदाची एक ठरलेली पद्धत होती. मुख्य कथा एका रुळावरून चालायची आणि विनोदाचा डबा मागून वेगळा जोडलेला असायचा. विनोदी नटाला स्वतःची वेगळी नायिका, वेगळा सासरा, वेगळं गाणं. नायक-नायिका रडायला लागले की पुढचं रीळ हमखास विनोदी! लहान गावातल्या एखाद्या थिएटरवाल्यानं वेळ वाचवायला तेवढा भाग कापला, तरी कथेचं फारसं बिघडत नसे. प्रेक्षक खळखळून हसत, पण ते हसू कथेच्या बाहेरचं असे.

देवेन वर्मांकडे या पद्धतीला लागणारं काहीच नव्हतं. नाचायचं अंग नाही, विचित्र शरीरयष्टी नाही, तिरळे डोळे नाहीत, बोबडे बोल नाहीत. चारचौघांसारखा नीटनेटका, शिकलेला दिसणारा तरुण. अशा माणसाला विनोदी भूमिका देणार तरी कोण?

म्हणूनच की काय, सुरुवातीच्या काळात त्यांना सगळ्याच तऱ्हेची कामं करावी लागली. १९६६च्या 'देवर'मध्ये ते चक्क कपटी झाले. निनावी पत्रांचा खेळ करून दोन घरांतल्या लग्नांची उलथापालथ करणारा सुरेश त्यांनी उभा केला. त्याच वर्षी हृषीकेश मुखर्जींच्या 'अनुपमा'त ते मोकळ्या स्वभावाचा, हसतमुख अरुण होते. एकाच वर्षात एकाच नटाचे हे दोन चेहरे पाहिले की लक्षात येतं, हा 'विनोदवीर' नव्हता. हा नट होता, आणि विनोद त्याच्या अभिनयातून यायचा.

प्रवीणभाई आला आणि...

नशीब पालटलं ते १९७५च्या 'चोरी मेरा काम'नं. त्यात त्यांना मिळाला प्रवीणचंद्र शहा, म्हणजेच प्रवीणभाई. गुजराती वळणाचं हिंदी बोलणारा, व्यवहारी पण भित्रा गृहस्थ. हिंदी पडद्यावर गुजराती, मारवाडी, मद्रासी माणूस म्हणजे बहुधा टिंगलीचा विषय. उच्चार वाकडे केले की झाला विनोद! देवेन वर्मांनी तसं केलं नाही. गुजराती त्यांच्या घरातच होती. त्यामुळे तो हेल नकलाकाराचा वाटला नाही, ओळखीच्या दुकानदाराचा वाटला. हा माणूस कसा बोलतो, याचं हसू प्रेक्षकांना येत नव्हतं. हा बिचारा आता कसा सुटणार, याचं येत होतं. या भूमिकेनं त्यांना सर्वोत्कृष्ट विनोदी नटाचा 'फिल्मफेअर' पुरस्कार मिळवून दिला. १९७८च्या 'चोर के घर चोर'साठी दुसरा आला, आणि 'अंगूर'साठी तिसरा.

त्याच सुमारास हिंदीत एक वेगळा वारा वाहू लागला होता. हृषीकेश मुखर्जी, बासू चटर्जी, गुलजार यांचे मध्यमवर्गीय चित्रपट येत होते. त्यांत डाकू नव्हते, स्मगलर नव्हते. होती चाळीतली, ऑफिसातली, तुमच्याआमच्यासारखी माणसं. या चित्रपटांना विनोदाचा वेगळा डबा नको होता. विनोद कथेच्या इंजिनातच हवा होता. मग ज्याला कथेतला माणूस म्हणून उभं राहता येतं, अशा नटाचा शोध सुरू झाला. देवेन वर्मा जणू त्याचीच वाट पाहत थांबले होते.

बासुदांच्या 'खट्टा मीठा'त ते पारशी माणसांच्या मेळ्यात मिसळून गेले. हा चित्रपट त्यांच्या दृष्टीनं घरगुतीच म्हणायला हवा. त्यातले प्रमुख नट अशोककुमार हे त्यांचे सासरे, आणि प्रीती गांगुली ही मेहुणी! १९७९च्या 'गोलमाल'मध्ये हृषिदांनी त्यांना 'देवेन वर्मा' म्हणूनच उभं केलं. नायकाचा सिनेमात काम करणारा मित्र. भवानीशंकरांना खूश करायला अमोल पालेकरला आखूड झब्बा लागतो, तेव्हा तो धावतो या मित्राकडेच. १९८३च्या 'रंगबिरंगी'त तर सगळ्या भानगडीचा सूत्रधारच ते. मित्राच्या थंडावलेल्या संसारात रंग भरायला निघालेला लेखक रवी! शेवटी सगळं प्रकरण पोलीस अधिकारी धुरंधर भाटवडेकरांपर्यंत जातं. हा अस्सल मराठी आडनावाचा अधिकारी रंगवला होता बंगाली उत्पल दत्त यांनी.

दोन मालक, दोन बहादूर

या सगळ्या वाटचालीचा कळस म्हणजे 'अंगूर'. शेक्सपियरच्या 'कॉमेडी ऑफ एरर्स'ची ही कथा आपल्याकडे बंगालमार्गे आली. ईश्वरचंद्र विद्यासागरांनी एकोणिसाव्या शतकातच ती 'भ्रांतिविलास' नावानं बंगालीत आणली होती. तिच्यावर १९६३ साली बंगाली चित्रपट निघाला. १९६८ साली हिंदीत 'दो दूनी चार' आला, त्यात किशोरकुमार आणि असित सेन होते. त्याचं लेखन गुलजार यांचंच. तो फारसा चालला नाही, पण कथा गुलजारांच्या मनातून गेली नाही. चौदा वर्षांनी त्यांनी ती स्वतः दिग्दर्शित केली. मालक झाले संजीवकुमार, नोकर झाले देवेन वर्मा.

जुळ्या भावांच्या दोन जोड्या. दोन्ही मालकांचं नाव अशोक, दोन्ही नोकरांचं बहादूर. एक जोडी संसारी, दुसरी सडी. सडा अशोक रहस्यकथा वाचून वाचून इतका संशयी झालेला, की त्याला जो तो कुठल्यातरी टोळीचा माणूस वाटतो. द्राक्षाचा बाग घ्यायला तो मोठी रक्कम घेऊन परक्या शहरात येतो. नेमकी तिथेच दुसरी जोडी राहत असते. मग मौसमी चटर्जी, दीप्ती नवल, अरुणा इराणी... सगळ्याजणी चुकीच्या माणसाला बरोबर समजतात, आणि बरोबर माणसाला चुकीचा!

बबन प्रभूंची 'झोपी गेलेला जागा झाला'सारखी नाटकं पाहिलेल्या मराठी प्रेक्षकाला फार्सचा पहिला नियम ठाऊक आहे. रंगमंचावरच्या एकाही पात्राला आपण विनोद करतोय असं वाटता कामा नये. ज्याची चड्डी पेटली आहे, त्याला ती आगच वाटली पाहिजे! 'अंगूर'मध्ये देवेन वर्मांनी हा नियम एका क्षणासाठीही मोडलेला नाही. चुकीच्या मालकाचा मार खाणारा बहादूर खरोखर गोंधळलेला असतो. अनोळखी बाई आपल्याला नवरा म्हणते, तेव्हा तो खरोखर घाबरतो. भांग घातलेल्या भज्यांचा बेत तर आज चाळीस वर्षांनंतरही लोक एकमेकांना सांगतात. पण त्यातही तो प्रेक्षकाकडे बघून डोळे मिचकावत नाही. सी. एच. आत्मा यांचं गाजलेलं जुनं विरहगीत यात बहादूरच्या तोंडी आहे. तेही तो अशा काही तळमळीनं गातो, की हसावं की हळहळावं हेच कळेनासं होतं.

आणखी एक गोष्ट बारकाईनं पाहण्यासारखी आहे. दोन्ही बहादूर दिसायला सारखे. मिशी बदललेली नाही, तीळ चिकटवलेला नाही. तरीही समोर आलाय तो कोणता, हे आपल्याला कळतं. संसारी बहादूर घरात सरावलेला, थोडा सुखावलेला. सडा बहादूर मालकाचा सखाच, त्याच्या संशयी स्वभावाशी जुळवून घेणारा. हा फरक मेकअपचा नाही, उभं राहण्याचा आहे, बघण्याचा आहे. चित्रपटाच्या शेवटी शेक्सपियरचं चित्र डोळा मिचकावतं. ती दाद गुलजारांना असेल, संजीवकुमारांना असेल, पण तिच्यातला एक वाटा बहादूरचाही आहेच.

चौकट : सहा वर्षं, तीन नावं

'फिल्मफेअर'नं विनोदी नटासाठी वेगळा पुरस्कार सुरू केला तो १९६६च्या चित्रपटांपासून. पहिला मान 'प्यार किये जा'साठी मेहमूद यांना मिळाला. या पुरस्काराची १९७८ ते १९८३ या वर्षांतल्या चित्रपटांची यादी मोठी बोलकी आहे. 'चोर के घर चोर'साठी देवेन वर्मा, 'गोलमाल'साठी उत्पल दत्त, 'खूबसूरत'साठी केष्टो मुखर्जी, 'नरम गरम'साठी उत्पल दत्त, 'अंगूर'साठी देवेन वर्मा आणि 'रंगबिरंगी'साठी पुन्हा उत्पल दत्त. सहापैकी चार चित्रपट हृषीकेश मुखर्जींचे! विनोदी नटाला चांगली कथा मिळाली की काय घडतं, हे सांगायला दुसरा पुरावा नको. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच हा पुरस्कार बंद झाला.

खुर्ची बदलून पाहिली, पण...

दुय्यम भूमिका करणाऱ्या नटाला कधीतरी वाटतंच, की गाडी आपणही चालवून पाहावी. देवेन वर्मांनी ते केलं. १९६९ साली धर्मेंद्र आणि शर्मिला टागोर यांना घेऊन त्यांनी 'यकीन'ची निर्मिती केली. मग 'नादान' आणि अपहरणाच्या गमतीवरचा 'बडा कबूतर' हे चित्रपट दिग्दर्शित केले. १९७८ साली अमिताभ बच्चन यांना घेऊन 'बेशरम' काढला. पण त्याच वर्षी 'डॉन', 'त्रिशूल' आणि 'मुकद्दर का सिकंदर' आले होते. अमिताभच्याच या झंझावातात अमिताभचाच 'बेशरम' मागे पडला. १९८९चा 'दाना पानी'ही फार लक्षात राहिला नाही.

दिग्दर्शक म्हणून त्यांना नटाएवढं यश आलं नाही, हे खरं. पण त्यामुळे ते कडवट झाले नाहीत. दिग्दर्शकाच्या खुर्चीतून उठून पुन्हा दुसऱ्याच्या चित्रपटात नोकराची, मित्राची भूमिका करायला मोठं मन लागतं. आपल्याकडे एकदा साहेब झालेल्या माणसाला पुन्हा कारकुनाच्या टेबलावर बसवून पाहा! देवेन वर्मा बसले, आणि 'बेशरम'नंतर चारच वर्षांत त्यांनी 'अंगूर' दिला.

नायकच हसवू लागला

मात्र तोवर विनोदी नटांच्या पायाखालची वाळू सरकू लागली होती. 'अमर अकबर अँथनी'त आरशासमोर दारूच्या नशेत बडबडणारा अँथनी, 'नमक हलाल'मधला गावंढळ अर्जुनसिंग... अमिताभ बच्चन मारामारी करत होते, रडवत होते आणि हसवतही होते. एकाच तिकिटात नायक सगळं देऊ लागल्यावर निर्मात्याला वेगळा विनोदी नट कशाला हवा? नव्वदच्या दशकात गोविंदा आला आणि नायक हाच मुख्य विनोदी नट झाला. जॉनी लिव्हरसारखा एखादा हिऱ्यासारखा अपवाद सोडला, तर बाकीच्यांच्या वाट्याला चार-दोन प्रसंगच उरले.

या बदलाबद्दल आदळआपट करणं देवेन वर्मांच्या स्वभावात नव्हतं. वय वाढलं तसे ते बापाच्या भूमिकांकडे वळले. १९९४च्या 'अंदाज अपना अपना'त ते आमिर खानचे वडील मुरली मनोहर झाले. पेशानं न्हावी, आणि पोराच्या उचापतींनी हैराण. सलमान खानच्या वडिलांच्या भूमिकेत होते जगदीप. प्रदर्शित झाला तेव्हा हा चित्रपट बेताचाच चालला. पुढे मात्र घरोघरी त्याची पारायणं झाली. नव्या मुलांना देवेन वर्मा भेटले ते बहुधा इथेच. प्रसंग थोडे, पण पोराच्या नावानं कपाळ बडवणारा तो बाप पाहिला की वाटतं, अरे, हा तर आपल्याच गल्लीतला!

गर्दीतून वेळेवर बाहेर

'क्या कहना', 'कलकत्ता मेल' अशा चित्रपटांतून ते नव्या शतकातही दिसले. मग त्यांनी काम थांबवलं आणि ते पुण्यात राहिले. जिथे वाढले, शिकले, तिथेच. मुंबईच्या गर्दीत रोज कुणाच्यातरी ऑफिसबाहेर ताटकळत बसणारे म्हातारे नट ज्यांनी पाहिलेत, त्यांना या निर्णयाचं मोल कळेल. २ डिसेंबर २०१४ रोजी वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षी पुण्यातच त्यांचं निधन झालं. शंभराहून अधिक चित्रपट, तीन 'फिल्मफेअर', आणि मागे उरलेली एक स्वच्छ प्रतिमा.

'स्वच्छ' हा शब्द इथे मुद्दाम वापरला आहे. विनोदी नटाला सर्वांत मोठा मोह असतो तो पातळी सोडण्याचा. प्रेक्षक हसत नसेल, तर एखादा द्व्यर्थी संवाद टाका, नाहीतर कुणाच्या व्यंगावर बोट ठेवा. हमखास हशा! देवेन वर्मांच्या गाजलेल्या भूमिका आठवून पाहा. प्रवीणभाई, रवी, बहादूर, मुरली मनोहर. आजी, सून आणि नात यांच्या शेजारी बसून पाहताना यातल्या एकाही ठिकाणी रिमोटकडे हात जात नाही. आज घरातल्या तीन पिढ्यांनी एकत्र बसून हसावं असं किती काही उरलंय? त्या प्रश्नाचं उत्तर शोधताना या नटाची किंमत वाढतच जाते.

आणि कुणी म्हणेल, नायक तर कधी झाले नाहीत! नसतील. पण घर काही फक्त कर्त्या माणसावर चालत नाही. लग्नात वाढपी नसेल तर मांडव शोभत नाही. नायकाचा प्रसंग रंगतो, कारण समोर ऐकणारा कुणीतरी नीट ऐकत असतो. 'प्यार किये जा'मध्ये मेहमूद भुताच्या सिनेमाची गोष्ट सांगतात. तो प्रसंग जेवढा मेहमूदचा, तेवढाच जवळजवळ काही न बोलता घाबरत जाणाऱ्या ओमप्रकाशचा. देवेन वर्मांची जातकुळी हीच.

येत्या रविवारी जेवणं आटोपल्यावर घरातल्या सगळ्यांना घेऊन 'अंगूर' लावा. एकदा नव्हे, दहादा पाहिला असेल तरी लावा. फक्त या वेळी एक करा. संजीवकुमार बोलत असतील, तेव्हा नजर जरा बाजूला उभ्या असलेल्या बहादूरकडे वळवा. त्याच्या तोंडी त्या क्षणी एकही वाक्य नसेल. तरी तुम्ही हसाल! आणि मुलांनी विचारलं, 'हा कोण?' तर या खेपेला नाव सांगायला विसरू नका.